महागडा गेमिंग मदरबोर्ड दगा देतो तेव्हा: दोष कुठे आहे हे क्रमाने शोधण्याची पद्धत

चाळीस हजारांचा, साठ हजारांचा, कधी लाखाच्या घरात जाणारा मदरबोर्ड घेताना आपण गृहीत धरतो की एवढे पैसे मोजले म्हणजे तो टिकणारच. प्रत्यक्षात त्या किमतीचा मोठा हिस्सा जास्तीचे एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या ड्राइव्हची जागा), वेगवान नेटवर्क, जाड हीटसिंक, दिवे आणि ओव्हरक्लॉकिंगच्या (प्रोसेसर ठरल्यापेक्षा वेगाने चालवण्याच्या) सोयी यांचा असतो. टिकाऊपणा त्यात आपोआप येत नाही. बोर्डावर जितके घटक जास्त, तितक्या बिघडू शकणाऱ्या जागाही जास्त. शिवाय वरच्या श्रेणीचे बोर्ड बेंचमार्कमध्ये दोन टक्के पुढे दिसावेत म्हणून कारखान्यातूनच प्रोसेसरला जास्त व्होल्टेज आणि जास्त वॅट देण्याच्या सेटिंगवर येतात. बऱ्याच बिघाडांचं मूळ इथे आहे.

म्हणून या लेखाचा आग्रह एकच: बोर्ड खराब आहे असं ठरवण्याआधी तो ‘ऑटो’च्या नावाखाली स्वतःहून काय करतोय ते तपासा. ‘डेड’ म्हणून काउंटरवर येणारे कितीतरी बोर्ड धडधाकट असतात. एखादी रॅम नीट बसलेली नसते, सॉकेटमधली (प्रोसेसर बसतो त्या जागेतली) एक पिन वाकलेली असते किंवा बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) जुना असतो.

तीन प्रकरणं, तीन वेगळी कारणं

पहिलं कारण निखळ उत्पादनदोष. २०२१च्या अखेरीस असुसच्या आरओजी मॅक्सिमस झेड६९० हिरो या बोर्डांवर ५३ हा एरर कोड येऊन रॅमच्या स्लॉटजवळचे मॉस्फेट (वीज नियंत्रित करणारे छोटे स्विच) जळू लागले. बोर्डांचे फोटो ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. रॅमच्या स्लॉटशेजारचा एक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा घटक) उलटा बसवला गेला होता. चांगल्या बोर्डावर त्याच्यावरचा मजकूर एका दिशेला, जळलेल्या बोर्डावर बरोबर विरुद्ध दिशेला. ध्रुवता असलेला कपॅसिटर उलटा बसला की विजेचा मार्ग शॉर्ट होतो आणि शेजारचा मॉस्फेट त्यात होरपळतो. कंपनीने चूक मान्य केली आणि २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा हजार बोर्ड अधिकृतपणे परत मागवले गेले. सहाशे डॉलरच्या आसपासचा बोर्ड होता तो. असा दोष वापरणाऱ्याच्या हाताने दुरुस्त होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो.

दुसरं कारण बोर्डाने दिलेलं जादा व्होल्टेज. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या एएम५ सॉकेटवर रायझन ७८००एक्स३डी हा प्रोसेसर आणि त्याचे भाईबंद जळाल्याची छायाचित्रं आली. प्रोसेसरची खालची बाजू फुगलेली आणि सॉकेटमधल्या पिना काळ्या पडलेल्या. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम जाहीर केलेल्या वाढीव वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकाच्या भागाचं) १.३५ किंवा त्याहूनही वर नेत होते. एएमडीने नंतर एजेसा या बायोसमधल्या आपल्या कोडच्या नव्या आवृत्तीतून त्याला १.३० व्होल्टची कमाल मर्यादा घातली.

तिसरं प्रकरण सर्वात लांबलं: इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे आय७ आणि आय९. गेम सुरू होताना शेडर (चित्र रेखाटणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करण्याच्या टप्प्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. दोष प्रोसेसरमध्ये होता. चढं व्होल्टेज आणि तापमान यांमुळे त्याच्या आतलं एक क्लॉक सर्किट लवकर म्हातारं होत होतं. इंटेलने २०२४ मध्ये जी चार कारणं जाहीर केली, त्यातलं पहिलं होतं मदरबोर्डने इंटेलच्या मर्यादेपलीकडे लावलेली पॉवर सेटिंग. उरलेली तीन मायक्रोकोडशी (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांशी) निगडित होती. ऑगस्ट २०२४ मधल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, त्यानंतर ०एक्स१२बी आला. झालेली झीज मात्र कुठल्याही अपडेटने भरून येत नाही. म्हणूनच इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

या तिन्हींचं बाहेरून दिसणारं रूप एकच असतं: डिस्प्ले येत नाही, नाहीतर गेम मध्येच बंद पडतो. म्हणून क्रमाने जायचं.

आधी वीज आणि वायरी

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बोर्डाकडे नंतर वळा. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थिंगला जोडलेले असतात. घरात अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर लावताना तोच पोर्टच्या चिपमधून वाट काढतो. जुन्या चाळींत आणि भाड्याच्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही मोजून घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, २३०च्या आसपास, आले पाहिजेत.

मग वायरी. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी आठ पिनांचे एक किंवा दोन कनेक्टर असतात. तिथे लागणारी वायर चार-अधिक-चार अशी फुटते. ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची वायर सहा-अधिक-दोन अशी फुटते आणि तिच्या पिनांची ध्रुवता उलटी असते. जोर लावून ती कोंबू नका. मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवण्याचा मोह घातक आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. चुकीच्या वायरीने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की बोर्ड आणि ड्राइव्ह दोन्ही एका क्षणात जातात.

मल्टिमीटर असेल तर संगणक चालू असताना मोजा. १२ व्होल्टची रेषा ११.४० ते १२.६०, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४७ यांच्यामध्ये हवी. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या आकड्यांवरून एसएमपीएसला दोषी ठरवू नका, बोर्डावरचे सेन्सर बऱ्याचदा ढोबळ असतात.

बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून चालवणं

डिस्प्ले येत नसेल तर हा सर्वात उपयोगाचा प्रयोग, आणि कंटाळ्यामुळे सर्वात जास्त टाळला जाणारा. बोर्ड ज्या खोक्यात आला तो पुठ्ठ्याचा खोका टेबलावर पालथा ठेवा आणि त्यावर बोर्ड ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिच्या पृष्ठभागातून थोडीफार वीज वाहू शकते. आता फक्त एवढंच जोडायचं:

१. चोवीस पिनांची वायर आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर.
२. प्रोसेसर, कूलर, कूलरचा पंखा किंवा पंप.
३. एकच रॅम, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्याला ए२ म्हणतात.
४. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटर थेट बोर्डाला. इंटेलच्या ‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं, तिथे कार्ड लावावंच लागेल.

एम.२ ड्राइव्ह, समोरच्या यूएसबीच्या वायरी, दिव्यांच्या पट्ट्या, सगळं बाजूला. चालू करायला बोर्डावरचं बटण वापरा. नसेल तर पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

इथे बोर्ड चालला आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, तर दोष बसवण्यात आहे. बहुतेकदा कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ नको त्या जागी राहिलेला असतो आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. ई-एटीएक्स आकाराच्या बोर्डांत हे जास्त होतं, कारण त्यांची भोकं सगळ्या कॅबिनेटशी जुळत नाहीत. समोरच्या पॅनेलमधलं दबून राहिलेलं रिसेट बटण हाही नेहमीचा गुन्हेगार. बोर्ड सतत रिस्टार्ट होत राहतो आणि संशय मात्र एसएमपीएसवर जातो.

कोड आणि दिवे वाचणं

महागड्या बोर्डाचा खरा फायदा इथे मिळतो: दोन अंकी डिस्प्ले. ००वर अडकला तर प्रोसेसर प्रतिसाद देत नाही, तेव्हा सॉकेट आणि आठ पिनांची वायर पाहा. ५० ते ५५च्या दरम्यान थांबला तर रॅमचं प्रकरण. डी६ म्हणजे चित्र दाखवायला ग्राफिक्स सापडलेलं नाही. ए० किंवा एए दिसत असेल तर बोर्डाने आपलं काम संपवून विंडोजकडे कारभार सोपवला आहे. तरीही पडदा काळा असेल तर मॉनिटरची वायर कार्डाऐवजी बोर्डाला लावली नाही ना, ते बघा. कोडांचे अर्थ कंपनीनुसार थोडे बदलतात, म्हणून मॅन्युअलमधला तक्ता शेजारी ठेवा. डिस्प्ले नसलेल्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात. जो पेटून राहतो तिथे गाडी अडकली आहे.

एक सावधगिरी. डीडीआर५ रॅम असलेला नवा बोर्ड, विशेषतः एएम५, पहिल्यांदा चालू केल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायोसची साठवलेली सेटिंग पुसल्यावर) रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेतो. पडदा काळा, डीरॅमचा दिवा पेटलेला, पंखे फिरताहेत, असं कित्येक मिनिटं चालू शकतं आणि रॅम जितकी जास्त तितका वेळही जास्त. या काळात घाबरून बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका.

सीमॉस, रॅम आणि सॉकेट

सीमॉस क्लिअर करताना भिंतीवरचा स्विच बंद करून वायर काढायची, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवायची, मग मागच्या बाजूचं क्लिअर सीमॉसचं बटण दाबायचं किंवा जंपर जोडायचा. दोन्ही नसेल तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवायचा. सेल ३ व्होल्टचा असतो. २.८च्या खाली मोजला तर बदलून टाका. दर वेळी तारीख मागे जाणं आणि सेटिंग विसरणं ही त्याचीच लक्षणं.

रॅम एकेक करून, प्रत्येक स्लॉटमध्ये पाहा. दोन्ही रॅम ए२ मध्ये चालतात पण बी२ या दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये एकही चालत नाही, असं झालं तर रॅम निर्दोष आहे. मग तो चॅनेलच (प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचा मार्ग) बिघडला आहे, आणि त्याची सर्वात सोपी कारणं दोन: कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेलेत किंवा सॉकेटमधली पिन वाकली आहे. आधी कूलर सैल करून, कोपऱ्याकोपऱ्याने तिरपे जात, थोडं थोडं समान आवळा. एवढ्यानेही हरवलेला चॅनेल परत येतो.

रॅमचे सोनेरी दात खोडरबरने घासण्याची दुकानांतली सवय सोडा. मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरेसं आहे. किनारपट्टीवर, पावसाळ्यातल्या दमट खारट हवेत या दातांवर आणि स्लॉटच्या संपर्कांवर थर धरतो. तीन-चार वर्षं नीट चाललेला संगणक जुलैमध्ये अचानक रॅम ओळखेनासा झाला तर आधी ही सफाई करा.

आता सॉकेट. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये १७००, एएम५ मध्ये १७१८ पिना असतात आणि त्या प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. प्रोसेसर काढा, खोली थोडी अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च सॉकेटच्या पातळीला आडवा धरा. पिनांची टोकं ओळीने चमकतात. बोर्ड हळूहळू फिरवत चारही बाजूंनी बघा. एखादी पिन वाकली असेल तर तिथे ओळीत खाच दिसते किंवा एकच ठिपका भलत्या दिशेला चमकतो. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढला की डोळ्यांना न दिसणारंही दिसतं. पिन थोडीच कललेली असेल तर शिसं काढलेल्या ०.५ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या नळीत तिचं टोक घेऊन हळूच सरळ करता येतं. मात्र वॉरंटी शिल्लक असेल तर त्याआधी फोटो काढा आणि शांतपणे विचार करा, कारण पिन तुटली की विषय संपतो. सगळ्याच पिना सिग्नलच्या नसतात. बऱ्याच नुसत्या ग्राउंडच्या किंवा राखीव असतात. म्हणून वाकलेली पिन असूनही संगणक चालतो आणि फक्त एक रॅम किंवा एक एम.२ स्लॉट गायब असतो.

एलजीए१७००ची प्रोसेसर दाबून धरणारी खटकीही लक्षात ठेवा. ती प्रोसेसरला मधोमध दाबते, त्याने तो किंचित वाकतो आणि कूलरशी संपर्क कमी होतो. त्यावर मिळणारी कॉन्टॅक्ट फ्रेम तापमान काही अंशांनी उतरवते, पण तिचे स्क्रू जास्त आवळले तर रॅमचा चॅनेल जातो. ती फक्त बोटांच्या जोरानेच आवळा.

डिस्प्लेशिवाय बायोस बदलणं

नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू येत नाही, तेव्हा बायोस फ्लॅशबॅकचं बटण कामी येतं. प्रोसेसर आणि रॅम नसतानाही बहुतेक बोर्डांवर ते चालतं, फक्त दोन्ही वीज कनेक्टर जोडलेले हवेत. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात एकच फाइल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने, अक्षर न् अक्षर जुळवून ठेवा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं आणि असुस तर नाव बदलायला छोटा प्रोग्रॅमच देते. पेनड्राइव्ह मागच्या खुणेच्या पोर्टमध्येच लावा आणि दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरा. दिवा काही सेकंदांत विझला किंवा स्थिर राहिला तर फाइल वाचली गेलेली नाही. नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट चुकला आहे. नीट चालू असेल तर पाच ते दहा मिनिटं लागतात. या काळात वीज गेली तर पंचाईत, म्हणून यूपीएसशिवाय हे करू नका.

बायोसची बीटा आवृत्ती घाईने टाकू नये. पण वर सांगितलेल्या प्रोसेसरपैकी एखादा असेल तर ‘चालतंय तोवर हात लावू नका’ हा सल्ला चुकीचा आहे. तिथे जुना बायोस म्हणजे रोज होणारी झीज.

बोर्डाला आवर घालणारी सेटिंग

डिस्प्ले आला, विंडोज सुरू झालं, पण गेम मध्येच बंद पडतात. अशा वेळी सगळ्यात आधी बायोसमध्ये जाऊन ‘ऑटो’ हा शब्द संशयाने वाचायला शिका.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ नावाचं प्रोफाइल निवडा. आय९-१४९००के साठी त्याचा अर्थ दीर्घकालीन आणि अल्पकालीन पॉवर मर्यादा दोन्ही २५३ वॅट आणि कमाल प्रवाह ३०७ अँपिअर. तिथे ४०९६ वॅट किंवा ५११ अँपिअर दिसत असेल तर बोर्डाने मर्यादा सरळ काढून टाकली आहे. मल्टिकोर एनहान्समेंट किंवा तत्सम नावाचा पर्याय बंद करा. गेममधला फरक जाणवण्याइतका नसतो. तापमानातला आणि आयुष्यातला नक्कीच असतो.

एएम५ वर एक्स्पो चालू केल्यानंतर एसओसी व्होल्टेज किती आलं ते प्रत्यक्ष पाहा. १.३०च्या वर कधीही नको. रॅमच्या ६०००च्या वेगाला बऱ्याच प्रोसेसरांना १.२० ते १.२५ पुरतं. हाताने १.२५ लावा आणि तपासून बघा. रायझनचं परफॉर्मन्स बूस्ट ओव्हरड्राइव्ह, कर्व्ह ऑप्टिमायझर या वेग वाढवणाऱ्या सोयींना निदान होईपर्यंत सुट्टी द्या.

चार रॅम लावण्याचा हट्ट डीडीआर५ मध्ये महागात पडतो. रायझन ७००० मालिकेत दोन रॅमसाठी अधिकृत वेग ५२००, चार रॅमसाठी थेट ३६००. प्रोफाइल ६०००चं असलं तरी चार रॅमवर ते चालेल अशी हमी कुणी देत नाही, आणि न चालणं हा बोर्डाचा दोष नाही. ६४ जीबी हवी असेल तर ३२-३२च्या दोन घ्या. १६च्या दोन आधीच असतील तर तशाच आणखी दोन आणून भर घालू नका. रॅम ज्या संचात विकली जाते त्या संचात तपासलेली असते. बोर्ड कंपनीच्या सुसंगत रॅमच्या यादीत तुमचा अचूक क्रमांक आहे का, हे खरेदीआधीच बघायचं.

बायोसमध्ये ‘एसपीडी राइट डिसेबल’ (रॅमवरच्या ओळखीच्या चिपमध्ये लिहिणं रोखणारा) हा पर्याय असेल तर चालू ठेवा. दिव्यांचे रंग बदलणारे दोन-तीन प्रोग्रॅम एकाच वेळी रॅमशी बोलू लागले की गोठणं, चुकीचे आकडे, कधी रॅमची ओळखच पुसली जाणं हे प्रकार होतात. दिव्यांसाठी एकच प्रोग्रॅम ठेवा, किंवा एकही नको.

स्थिरता तपासण्याचा क्रम

आधी रॅम, मग प्रोसेसर, शेवटी ग्राफिक्स. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६चे चार फेरे पूर्ण करा. एक जरी चूक आली तरी ती चूकच, ‘एवढी चालते’ असं काही नसतं. चूक आली तर एक्स्पो किंवा इंटेलचं तसंच एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. मूळ वेगाला शून्य चुका आल्या तर रॅम आणि बोर्ड ठीक, वेग जास्त होता. मूळ वेगालाही चुका आल्या तरच रॅम बदलायची.

प्रोसेसरसाठी ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर हा भार टाकणारा प्रोग्रॅम तासभर चालवा. इंटेलच्या झिजलेल्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या चाचण्या कधी पास होतात, आणि मोठी संकुचित फाइल उघडताना किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर इन्स्टॉल करताना मात्र त्रुटी येते. तेही लक्षण धरा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून लोक एसएमपीएस बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की संगणक नीट बंद झाला नाही. कारण ती सांगत नाही. ‘व्हिया-लॉगर’ या स्रोताच्या नोंदी शोधा. १८ क्रमांक आणि प्रत्येक वेळी तोच एपीआयसी आयडी (कोर ओळखण्याचा क्रमांक) असेल तर एक ठरावीक कोर अस्थिर आहे. १७ क्रमांकाच्या शेकडो नोंदी असतील तर दोष पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यामधल्या, मार्गात, आणि तिथे पहिला संशय उभं कार्ड लावायच्या रायझर वायरीवर. वायर काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा, किंवा स्लॉटची पिढी बायोसमध्ये एकाने कमी करा. नोंदी थांबल्या तर गुन्हेगार सापडला.

जड कार्डाने स्लॉटवर येणारा ताणही खरा आहे. आजची मोठी कार्डं दोन किलोच्या घरात जातात. कार्डाच्या टोकाखाली टेकू लावा, आणि संगणक गाडीतून न्यायचा असेल तर कार्ड काढूनच.

व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागाचं) तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘व्हीआरएम’ किंवा ‘मॉस’ नावाने दिसतं. भाराखाली ९० अंशांपर्यंत चिंता नाही. शंभरी ओलांडून चढत राहिलं तर हवा कमी पडते आहे. पाण्याच्या कूलरवर गेल्यावर हे हमखास होतं, कारण पूर्वी प्रोसेसरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही हवा मारायचा आणि आता तिथे काहीच नाही. मागे किंवा वर बाहेर हवा फेकणारा एक पंखा वाढवला की पुरतं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं, तिथे हिवाळ्यात घेतलेल्या मोजमापावर विसंबू नका.

बोर्डाचा वाटणारा, पण नसलेला दोष

इंटेलच्या आय२२५-व्ही या नेटवर्क चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हार्डवेअरचाच दोष होता, बी३ आवृत्तीत तो सुधारला. पुढच्या आय२२६-व्ही वर लाइन मध्येच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद करा, ड्रायव्हर नवा टाका. तरीही तुटत असेल तर स्वस्तातलं यूएसबी अ‍ॅडॉप्टर घेऊन मोकळे व्हा. एवढ्यासाठी बोर्ड महिनाभर सर्व्हिस सेंटरला अडकवण्यात अर्थ नाही.

एएमडीच्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी उपकरणं अधूनमधून गायब होत. एजेसा १.२.०.२ मध्ये २०२१ साली त्यावर उपाय आला. जुना बोर्ड घेतला असेल तर बायोस त्याहून नवा आहे ना, ते पाहा.

आणि एम.२ लावल्यावर साटा पोर्ट (वायरीने जोडायच्या ड्राइव्हची जागा) बंद पडणं किंवा ग्राफिक्स कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर (डेटाच्या मार्गिकांवर) जाणं हा बिघाड नाही, लेनची वाटणी आहे. मॅन्युअलमध्ये कोणता स्लॉट कोणाशी वाटून घेतो त्याचा तक्ता असतो. एम.२च्या हीटसिंकखालच्या पट्टीवरची पारदर्शक फिल्म काढली का, हेही एकदा बघून घ्या.

वॉरंटीचा दावा

दुसऱ्या प्रोसेसरने, दुसऱ्या रॅमने आणि दुसऱ्या एसएमपीएसने, कॅबिनेटबाहेर, नव्या बायोसवर तोच दोष येत असेल तरच बोर्ड द्यायला न्या. भारतात बहुतेक बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि दावा नाकारण्याचं सर्वात मोठं कारण वाकलेली पिन हेच. म्हणून सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. ते न लावता बोर्ड दिला तर तिथेच दावा फेटाळला जाऊ शकतो.

घरून निघण्याआधी सॉकेटचे, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि अनुक्रमांकाच्या चिठ्ठीचे स्पष्ट फोटो काढा. काउंटरवर देताना कर्मचाऱ्यासमोर झाकण उघडून सॉकेट दाखवा, आणि ‘पिना ठीक, जळाल्याची खूण नाही’ असं जॉब शीटवर लिहून घ्या. ते लिहायला टाळाटाळ झाली तर त्याच क्षणी मोबाइलवर चित्रीकरण करा. लक्षण लिहिताना ‘चालत नाही’ असं मोघम न लिहिता ‘बी२ स्लॉटमध्ये कोणतीही रॅम लावली तरी कोड ५५, तीन वेगवेगळ्या रॅमने तपासलं’ असं लिहा. मोघम तक्रारीचा बोर्ड पाच मिनिटं चालवून ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येतो. दावा विनाकारण नाकारला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे हेच फोटो आणि जॉब शीट उपयोगी पडतात.

बदली मिळणारा बोर्ड बऱ्याचदा दुरुस्त केलेला असतो. ताब्यात घेतानाच टॉर्चने सॉकेट तपासा, अनुक्रमांक कागदाशी जुळवा आणि उरलेली वॉरंटी त्या नव्या अनुक्रमांकावर चढवली आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे पाहून मगच सही करा.